रेणुकाच्या आईचा जुना व्हिडिओ

व्हिडिओ तोच होता. रेणुका चटईवर उताणी, तिच्या गुडघ्यावर आईचे हात, मागे कुकरची शिट्टी होते आणि पोर दचकते. आदल्या दिवशीही ती याच शिट्टीला दचकली होती. मी मोबाइलवर मागेपुढे करून खात्री केली आणि माझं डोकं तापलं.

मी फिजिओथेरपिस्ट. सोलापुरात दिव्यांग मुलांच्या एका सेंटरमध्ये काम करते. लॉकडाउनमध्ये सेंटरला कुलूप लागलं. मग आयांनी घरीच व्यायाम करून घ्यायचे आणि रोज व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा, असं ठरलं. सहा वर्षांच्या रेणुकाला सेरेब्रल पाल्सी. म्हणजे मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही आणि ते आखडतात. रोज स्ट्रेचिंग झालं नाही, तर पाय गुडघ्यात वाकलेलेच राहतात. म्हणून मी कडक होते. जरा जास्तच.

ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, "रेणुकाच्या आई, जुने व्हिडिओ पाठवू नका. नुकसान तुमच्याच मुलीचं आहे."

दोन दिवस काहीच आलं नाही. सेंटरचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "ॲबसेंट लावा आणि पुढे चला." लावली. पण चैन पडेना, म्हणून भवानी पेठेत तिच्या घरी फोन केला.

"चुकलं म्याडम माझं," रेणुकाची आई, महादेवी, म्हणाली.

"अहो, पण असं का केलंत?"

"हातच उचलत न्हाय की. पोरगी रडती, मीबी रडते. रडताना शूटिंग कसं करू?" मग एकदम सपाट आवाजात, "लई झालं आता. वाटतं, दोघींनी मिळून सुटावं एकदाचं."

अशा वेळी फोन ठेवायचा नाही, एवढं शिकलेलं होतं. घरात कोण आहे, विचारलं. नवरा होता. त्याला फोनवर घेतलं.

"मला वाटलं कटाळली असंल," तो म्हणाला. "कारखान्यातले माग बंद हायेत, समदेच कटाळलेत की."

"तिला मिनिटभरही एकटी सोडू नका," मी म्हटलं आणि दुसऱ्या फोनवरून मानसोपचाराच्या डॉक्टरांना गाठलं. त्याच दुपारी तो तिला घेऊन गेला. डिप्रेशन निघालं. औषधं सुरू झाली, आणि व्यायाम नवरा शिकला.

त्याच संध्याकाळी, ज्या ग्रुपवर झापलं होतं, तिथेच मी माफी मागितली. लिहिलं, "व्यायाम जमत नसेल तर सांगा, मी रागावणार नाही." तासाभरात पाच आयांचे मला एकटीला मेसेज आले. त्यांचेही व्हिडिओ जुनेच होते. मी त्यांवर 'छान' लिहिलं होतं. लाज वाटली.

सेंटर उघडलं तेव्हा रेणुकाचे गुडघे बरेच आखडले होते. पाय हळूहळू सरळ व्हावेत म्हणून काही आठवडे प्लास्टर घालावं लागलं. पण तिला घेऊन तिची आई आली होती.

आता मुलाला तपासण्याआधी मी आईला विचारते, "तुम्ही कशा आहात?" "बरी आहे," असं चटकन उत्तर आलं, की खुर्ची ओढून बसते.