बाबांसाठी मऊ केलेली गाडी

माझ्या स्पोर्टी गाडीचं सस्पेन्शन इतकं कडक होतं, की रस्त्यावर पडलेल्या नाण्यावरून गेलो तरी छापा की काटा ते कमरेला कळायचं. त्याच गाडीतून बाबांना मणक्याच्या तपासणीसाठी भिवापूरहून नागपूरला रामदासपेठेत आणलं. उतरताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. "यापुढे तुझ्या गाडीत नाही," ते म्हणाले.

मी स्प्रिंगा बदलल्या, शॉकअब्सॉर्बर नवे घातले. गाडी अशी मऊ झाली, की स्पीडब्रेकरांना अपमान वाटू लागला. पुढच्या तपासणीच्या सकाळी ती दिमाखात दारात उभी केली. बाबांनी बैलाचा खांदा पारखावा तसं बॉनेट दाबून पाहिलं.

"मस्त झाली गा," म्हणाले आणि पिशवी घेऊन एसटी स्टँडकडे निघाले.

"काहून जी, बाबा?"

"त्या दिवशी तुले सात वेळा म्हटलं, हळू चालव. तू गाण्याचा आवाज वाढवून राहिला होता. स्प्रिंगा बदलल्या, पाय तोच आहे ना?"

नागपूरपर्यंत मी एसटीच्या मागे मागे, तिच्याच वेगाने गेलो. एसटीच्या मागच्या काचेतून शेवटच्या बाकावरचे बाबा दिसत होते. दर खड्ड्याला त्यांचा हात कमरेवर जायचा. माझी गाडी मात्र तलावातल्या होडीसारखी चालली होती.