हाराआडचा डोळा

तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होते. पार्किंगमधली दुपार जराशी हलते आणि पुन्हा जागच्या जागी बसते. वृषाली श्वास रोखून आरशात बघते. मागच्या सीटवर अन्वी उठलेली नाही. बालवाडीतून आणताना वाटेतच झोपली आहे, तोंड अर्धं उघडं, मान एका बाजूला कललेली. आता उचलून तीन मजले वर न्यायची म्हणजे दुसऱ्या मजल्यावर तिचे डोळे उघडणार, आणि मग संध्याकाळपर्यंत घराला थारा नाही. म्हणून वृषालीने चारी काचा चार-चार बोटं खाली घेतल्या आहेत आणि ती स्टिअरिंगमागे तशीच बसून राहिली आहे. नवरा आठवडाभर पुण्याला असतो. रात्रभर पोरीचा खोकला, पहाटे डबे, मग अर्ध्या दिवसाचं ऑफिस. दमणं आता अंगावर राहिलेलं नाही, लोणच्यासारखं आत मुरलं आहे. पाच मिनिटं, असं ती स्वतःला बजावते आणि डोकं मागे टेकते.

दुसरी शिट्टी होते. तिसरी होते की नाही, तिला कळत नाही.

कुणीतरी स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, खाली, बोटांनी चाचपडतंय.

“हितंच असाया पायजे,” तात्या म्हणतात.

वृषाली आता बाजूच्या सीटवर आहे आणि तिच्या जागी तिचे वडील आहेत, पांढरा शर्ट घातलेले, मानेभोवती टॉवेल. मार्गशीर्षात गावच्या ओसरीवर चहाची बशी हातात घेऊन बसले होते, ती बशी खाली ठेवलीच नाही त्यांनी. ते गेलेले आहेत हे तिला माहीत आहे आणि त्यांनाही. पण पानावर बसल्यावर काही विषय काढायचे नसतात, तसा तो कुणी काढत नाही.

“हिला किल्लीचं भोक नाही, तात्या. ब्रेकवर पाय ठेवा आणि ते गोल बटण दाबा.”

“ठावं हाय. हात ऐकत न्हाय.”

हात कसे ऐकतील? एकतीस वर्षं त्या हातांनी वडापची जीप चालवली, पाटण ते चिपळूण, कुंभार्ली घाटातून. नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा माणसं, टपावर कोंबड्यांची खुराडी, आणि गिअर टाकायचा तो मधल्या पाहुण्याच्या गुडघ्याला जरा सरका म्हणून. सकाळी गाडी धुवायची, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा, मगच किल्ली फिरवायची. ही नवी, विजेवर चालणारी गाडी दारात आली तेव्हा तात्या तिच्याभोवती तीनदा फिरले आणि म्हणाले की झ्याक हाय, फक्त माणसाला काय विचारत न्हाय.

ते बटण दाबतात. गाडी सुरू होते, पण आवाज करत नाही. ते पुन्हा दाबतात, ती बंद होते. जिवंतपणीही असंच चालायचं. चालू गाडी तीन-तीनदा बंद करून ते तिच्याकडे बघत बसायचे, आणि वृषाली घड्याळाकडे बघत एकेक अक्षर सुटं करून सांगायची की हिरवी अक्षरं दिसली म्हणजे चालू. आज ती हळू सांगते. आज तिला कुठे जायचं नाही. तात्या ऐकून घेतात आणि म्हणतात की इंजिन तळपायाला कळतं, त्याला अक्षरं वाचायला लावायची म्हणजे बायकोला चिठ्ठी पाठवून जेवण मागितल्यासारखं.

समोरच्या खांबावर पार्किंगचा आकडा आहे, बारा. तो खांब मैलाचा दगड होतो. चिपळूण बारा. छतावरच्या पाइपांतून धुकं उतरायला लागतं आणि गाडी चढाला लागलेली असते. डाव्या हाताला दरी आहे. दरीत कुणाच्या तरी बाल्कनीतले कपडे वाळताहेत.

काच आतून पांढरी होते.

“पंखा कुटं गेला?” तात्या विचारतात.

पंखा पडद्यात आहे. तात्या त्या पडद्याला टीव्ही म्हणतात. जीपच्या काचेला ते तंबाखू चोळायचे, वर धडप्याने पुसायचे आणि तेवढ्यावर अख्खा आषाढ निघायचा. जीपमध्ये रस्त्यावरची नजर न काढता सगळं हाताला सापडायचं. इथे आधी टीव्हीत बघायचं, मग चित्र शोधायचं, मग त्या चित्रातलं चित्र, आणि तोवर वळण येऊन उभं. तात्या बोट लावतात. काही होत नाही. पुन्हा लावतात. त्यांच्या बोटांची कातडी इतकी राठ झालेली आहे की काच त्यांना माणूस म्हणून ओळखतच नाही. अन्वी हे काम करायची. दोन सीटच्या मधून वाकून आपलं चिमुकलं बोट लावायची आणि आजोबांना शिकवायची की मारू नका तिला, नुसत्या गुदगुल्या करा. चार वर्षांच्या पोरीला जमतंय आणि आपल्याला जमत नाही, याचं तात्या हसू करायचे. पण हसून झाल्यावर बोटं शर्टाला पुसायचे.

मागे आता गर्दी झाली आहे. पाट्या घेतलेल्या बायका बसल्या आहेत, एकीच्या मांडीवर अन्वीचं डोकं आहे. तात्या आरशात बघून त्यांना सांगतात की पोरीला जागा द्या जरा. बायका सरकतात.

मग रस्ता वृषालीच्या स्वयंपाकघरातून जातो. ओट्याला घासून. शेगडीची चार बटणं तात्यांच्या हाताशी येतात आणि ते न बघता एक फिरवतात. काचेवर गरम वारा येतो, धुकं कडेने विरत जातं.

“ह्ये कळतं,” ते म्हणतात. “चार बटणं, चार कामं.”

त्यांचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसतो आहे. आत्ताच सांगावं, असं वृषालीला वाटतं. ते सांगायचं कधीचं राहून गेलं आहे. तात्या जाईपर्यंत राहिलं आणि गेल्यावर तर सांगायला माणूसच उरलं नाही.

धुकं संपतं तिथे हायवे आहे. उंब्रजच्या अलीकडचा पूल आणि दसऱ्याची सकाळ. बॉनेटच्या पुढच्या टोकावर झेंडूच्या हाराची पिवळी कड वाऱ्याने उडताना आतून दिसते आहे. त्या दिवशी तात्यांनी पहाटे उठून गाडी धुतली, चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मनगटाएवढा जाड हार पुढच्या जाळीवर आडवा बांधला, आपट्याची पानं खोचून. एकतीस दसरे त्यांनी असाच बांधला होता. मग सगळे देवाला निघाले. पूल चढताना गाडी ओरडायला लागली. टिंग टिंग टिंग. टीव्हीवर लाल काहीतरी पेटलं. तात्यांना ते वाचता येईना, नवरा मागून काहीतरी इंग्रजी सांगत होता, अन्वी रडत होती, आणि भर हायवेवर, समोर चिटपाखरू नसताना, गाडी खाडकन थांबली. मागचा ट्रक करकचून बाजूने गेला. त्याचा वारा काचांना लागला.

आणि वृषाली म्हणाली होती, “तात्या, तुमच्यानं नाही होत आता. मागं बसा.”

पोरीदेखत, जावयादेखत. तात्या उतरले, मागे जाऊन बसले आणि देवळापर्यंत आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांनी कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. दिवाळी झाल्यावर गावी गेले ते एसटीने.

आता तोच पूल पुन्हा चढायचा आहे. तात्यांनी पाय आखडून घेतला आहे. गाडी मुंगीच्या पावलांनी चालली आहे.

“तात्या, हारानं झालं होतं ते.”

ते रस्त्याकडेच बघत राहतात.

“पुढच्या जाळीत हिचा एक डोळा असतो. समोर काय आहे ते बघणारा. हार त्याच्यावर आला होता. हिला वाटलं, कुणीतरी आडवं आलं, म्हणून हिनंच ब्रेक मारला. तुमचा पाय नव्हता तो.”

तात्या मान वाकवून बॉनेटच्या टोकाला उडणाऱ्या हाराकडे बघतात. मग त्यांचे खांदे हलायला लागतात. ते हसताहेत, आवाज न करता, या गाडीसारखे.

“हार घातल्याव थांबली व्हय,” ते म्हणतात. “पुढारी तर हार घातला की थांबतच न्हाय.”

वृषालीला हसू येत नाही. तिने अजून सगळं सांगितलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने गॅरेजला फोन केला होता. तिकडच्या मुलीने पहिला प्रश्न हाच विचारला होता की मॅडम, पुढे काही बांधलं होतं का. तात्या तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. दहा पावलांवर. ती फोन ठेवून भाजी चिरायला बसली होती.

“मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं,” ती म्हणते. “मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर किल्ली परत द्यावी लागली असती. आणि मला भीती वाटत होती, तात्या. तुम्ही संध्याकाळी समोरची गाडी जवळ आल्यावर बघायचात. मला नुसतं कारण हवं होतं.”

टपावर खुराड्यातली कोंबडी फडफडते. पुलाखाली नदी नाही, त्यांच्या गावची ओसरी आहे. तिच्यावर ऊन पडलं आहे.

“मागं पोरगी हुती,” तात्या म्हणतात. “मीबी न्हाय दिली असती.”

मग, चढाच्या माथ्यावर आल्यावर, तिच्याकडे न बघता:

“पर सांगायचं हुतंस. रोज रातच्याला पलंगाच्या कठड्याला पाय दाबून बघायचो मी. चालतोय का न्हाय.”

चुकलं, असं तिला म्हणावंसं वाटतं, पण तो शब्द फार लहान आहे, अन्वीच्या बुटासारखा, त्यात हे मावणार नाही. ती हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवते. गुडघा ऊबदार आहे. खाली पाय ब्रेकवर आहे, नीट, हलका, घाटातल्या वळणावर ठेवतात तसा. मागच्या बायकांना धक्कासुद्धा लागत नाही.

“चालवू का मग?” ते विचारतात.

“चालवा.”

उतार लागतो. टीव्ही विझून गेला आहे, काही ओरडत नाही. तात्या एका हाताने टॉवेल मानेवरून काढतात आणि तिच्या मांडीवर टाकतात, जीपमध्ये ती शाळेतून दमून यायची तेव्हा टाकायचे तसा. नीज जरा, असं ते म्हणतात, डोळं बघ कशे झाल्यात, मी हाय की. तिला सांगायचं आहे की मला झोपायचं नाही, झोपले की तुम्ही जाल. पण कितीतरी महिन्यांनी दुसरं कुणीतरी गाडी चालवतं आहे आणि तिला रस्ता बघायचा नाही. तिच्या पापण्या तिचं ऐकत नाहीत. वळण येतं, मग दुसरं, कुणीतरी मागे हळू आवाजात बोलतं आहे, ऊन झाडांमधून पडतं आहे.

ती झोपते, आणि तिला जाग येते.

पार्किंग. खांब. कुकर कधीचा गप्प झाला आहे, कुठल्या तरी मजल्यावर भांडी पालथी घालण्याचा आवाज येतो आहे. ती स्टिअरिंगमागे आहे, एकटी. मान आखडलेली, गाल ओला. उठायला हवं, पोरीला वर न्यायला हवं. सवयीने ती ब्रेक दाबायला पाय पुढे करते आणि पाय हवेतच राहतो.

ती पुन्हा करते. पाय पोचत नाही. वृषाली बुटकी आहे, तिची सीट नेहमी इतकी पुढे असते की गुडघे स्टिअरिंगला लागतात, नवरा त्यावरून चिडवतो. आता सीट पार मागे सरकलेली आहे, शेवटपर्यंत, आणि खाली, एखाद्या उंच माणसाने पाय सैल सोडून बसावं तशी. झोपेत कोपर लागलं असेल बटणाला. या गाडीत सगळ्यालाच बटणं आहेत. ती तशीच बसून राहते, त्या मोठ्या जागेत, हात मांडीवर ठेवून. सीट पुढे घ्यायचं बटण तिच्या बोटांखाली आहे, पण ती ते दाबत नाही.

मागे हालचाल होते. आरशात अन्वी डोळे चोळते आहे, केस कपाळाला चिकटलेले. ती इकडेतिकडे बघते, मग झोपेतल्या जड आवाजात विचारते,

“आई, उद्या शाळेत सोडायलापण आजोबाच येणार का?”