गच्ची कोणी सोडली?

तुमच्या सोसायटीत पूजेच्या प्रसादासाठी सही घेतात का?

आमच्या फुलपाड्यातल्या इमारतीत घेतात. सव्वीस जानेवारीला सत्यनारायण झाला की घरटी एक पुडा आणि फ्लॅट नंबरासमोर सही, म्हणजे कोणी दोनदा नेऊ नये. आईनेही केली. एप्रिलमध्ये ती पापडांची परात घेऊन वर गेली, तर गच्चीला कुलूप. उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांवर आमचं अर्धं घर चालतं.

गच्चीत सेक्रेटरींच्या मेहुण्याचं मंडपाचं सामान आलं होतं. मी विचारलं तेव्हा सेक्रेटरींनी इंग्रजी ठराव पुढे केला: गच्ची वापरण्याचा हक्क सभासदांनी 'वेव्ह' (waive) केला आहे. मागे एकवीस सह्यांचा कागद जोडलेला. वरची 'प्रसाद' ही ओळ कापलेली.

"ताई, शिकलेल्या आहात ना? वाचा की," ते म्हणाले.

वाचलं. शब्दकोश काढूनही वाचलं. फी माफ होते, दंड माफ होतो, तेव्हा हा शब्द भेटतो, म्हणून तो उदार वाटतो. कायद्यात त्याचा अर्थ कडक आहे: हक्क आपला आहे हे ठाऊक असताना तो आपणहून सोडणं. ठाऊकच नसेल तर सोडला असं म्हणता येत नाही. आणि दुसऱ्याने आपल्या नकळत काढून घेतला, तर ती फसवणूक.

हे मराठीत एका पानावर लिहिलं, झेरॉक्स काढल्या, एकवीस दारांखालून सरकवल्या. पुढच्या सभेत मी एवढंच म्हटलं, "काका, तो शब्द सगळ्यांना मराठीत सांगा."

"म्हणजे... सोडून दिला."

"कोणी?" पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. "मी तर शिरा घेतला बाबा."

सगळे हसले. सेक्रेटरींचे कान लाल झाले, आणि ते पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"पुरे आता. शेजार आहे," आई घरी आल्यावर म्हणाली.

मला पुरे नाही. कुलूप अजून तसंच आहे, आईचे पापड खिडकीच्या जाळीवर वाळतायत. ठराव रद्द करण्यासाठी रविवारी मतदान आहे. ते कुलूप सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने काढावं, मंडपाचे बांबू स्वतःच्या खांद्यावरून खाली न्यावेत, आणि आईने जिन्यात उभं राहून ते बघावं, एवढं मला हवं आहे.

तुम्ही एक करा. आजच सोसायटीच्या ऑफिसात जा आणि तुमची सही जोडलेल्या प्रत्येक ठरावाची प्रत मागा. "नंतर बघू" म्हणाले, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.