रत्नाक्का आणि गोठलेल्या बारा सुया

फ्रिजच्या बर्फाच्या खणातून मी पुठ्ठ्याचा डबा काढून रत्नाक्काच्या हातात दिला. तिने एक बाटली कानाशी धरून हलवली. आत काही हललं नाही. दुसरी हलवली, तिसरी हलवली. बाराच्या बारा गोठल्या होत्या. समोर दवाखान्याच्या ओट्यावर गल्लीतली म्हातारी माणसं फ्लूची सुई घ्यायला बसली होती. त्यांत दम्याने बेजार झालेले आमचे हेही होते.

"वर कोणी ठेवला?"

"मी. दुधाची पाकिटं ठेवते तसा."

बेंगळूरच्या पेटेत, म्हणजे जुन्या बाजारात, माझं दुधाचं दुकान. त्या उन्हाळ्यात रोज पहाटे लाईट जायची, म्हणून मी पाकिटं संध्याकाळीच बर्फात घालायची. दवाखान्याचा फ्रिज बिघडला म्हणून रत्नाक्काने डबा माझ्याकडे ठेवला होता. "मधल्या खणात राहू दे, हात लावू नकोस," असं बजावूनही गेली होती. मला वाटलं, दुधापेक्षा औषध नाजूक, त्याला जास्त जपावं. त्या पहाटे नेमकी लाईट गेली नाही.

मी एक बाटली मुठीत धरून बसले. बर्फ वितळला. "झालं की पहिल्यासारखं. दे आता."

"हे मेलं, गंगू. टोचलं तर नुसतं भोक पडेल."

"कोणाला कळणार आहे?"

"पावसाळ्यात त्यांच्या छातीला कळेल."

रत्नाक्का आमच्याच गल्लीतल्या मराठी शिंप्याची मुलगी, धर्मार्थ दवाखान्यात नर्स. गोड बोलणं तिला जमायचं नाही. दुसऱ्या नर्सा पोरांना सांगायच्या, मुंगी चावेल. ही सांगायची, "दुखेल. स्वल्प नाही, चांगलं दुखेल. रडायचं तर आधी रडून घे, मग हात हलवू नकोस." आजाऱ्याच्या घरी ती उभ्याउभ्याच बघायची आणि निघायची. पण एखाद्या घरी ती खाली बसली, की ते माणूस उठत नसे. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिला कोणी 'बस' म्हणत नसे.

आदल्या वर्षी एका कापडवाल्या शेठची आई फ्लूने गेली. म्हणून त्याने गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी ही परदेशी लस फुकट आणवली होती. यादीत बारावं नाव रत्नाक्काचं स्वतःचं होतं.

ती ओट्यावर जाऊन म्हणाली, "आज सुई नाही. माझ्या हातून औषध गोठलं. घरी जा."

सुंदराबाईंचा दंड जाड, बाही वर सरकत नसे. त्या म्हणाल्या, "रत्ने, मी बाही उसवून आले. आता शिवून कोण देणार, तुझा बाप?" माणसं हसली. शेठही तिथेच उभा होता, तो हसला नाही. चारचौघांत तो तिला नको ते बोलला. तिने ऐकून घेतलं, माझं नाव काढलं नाही.

मी नंतर तिच्याकडे गेले, तर म्हणाली, "नाव घेतलं असतं तर उद्यापासून तुझं दूध कोणी घेतलं नसतं. उगाच डोळे पुसू नकोस."

शहराबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्यातल्या डॉक्टरकडे कामगारांच्या सुयांतल्या चार उरल्या होत्या. ती बसने जाऊन घेऊन आली. थर्मासमध्ये खाली बर्फ, वर वर्तमानपत्राची घडी, त्यावर बाटल्या. या वेळी माझ्या फ्रिजकडे तिने पाहिलंही नाही. सगळ्यांच्या छातीला नळी लावून तिने चार माणसं निवडली. मला वाटलं, माझ्यामुळे ह्यांना ती वगळणार. तिने पहिलं ह्यांनाच बोलावलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "चूक तुझी, फुप्फुसं त्यांची."

सुंदराबाईंना म्हणाली, "तुमची छाती बरी आहे. तुम्हाला नाही."

"सरी, बरं झालं. दंड वाचला माझा," सुंदराबाई म्हणाल्या.

चौथी सुई तिने सगळ्यांसमोर स्वतःला टोचून घेतली.

"वाढणारीने आपलंच ताट भरलं," मागून कोणीतरी बोललं.

"भरलं. मी पडले तर तुम्हाला बघायला कोण येणार?"

दीड महिन्याने गल्लीत ताप आला. आधी कोपऱ्यावरच्या घरात खोकला ऐकू आला, मग त्याच्या शेजारी, मग समोर. दूध टाकायला गेले की बायका दारातूनच हळू विचारायच्या, "रत्नाक्का कुठे बसली का?"

आमच्या ह्यांना सात दिवस ताप होता. ती रोज यायची. घरात एकच खुर्ची होती, ती मी उचलून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. ती चौकटीला हात लावून उभी राहायची. आठव्या दिवशी तिने कॉफी मागितली. उभ्यानेच प्यायली.

सुंदराबाईंकडे ती चौथ्या दिवशी बसली. मी दूध घेऊन गेले तेव्हा ती त्यांच्या पायाशी चटईवर होती. दोरीवर ब्लाउज वाळत होता. त्याची बाही उसवलेलीच होती.

पुढच्या वर्षी शेठने पुन्हा औषध आणवलं. दवाखान्यात तोवर नवा फ्रिज आला होता. तरी रत्नाक्का डबा घेऊन माझ्याच दारात आली.

"तिकडे जागा नाही का?" मी विचारलं.

"आहे. पण तिथे नवीन पोरगी आहे, तिला अजून धाक नाही. तू मधल्या खणात ठेवशील."

मी मधल्या खणात ठेवला. "किती आहेत?"

"नऊ."

आमचे हे वाचले होते. रत्नाक्का वाचली होती. सुंदराबाई नव्हत्या, आणि दुसरे दोघे.