दादाकडून काही नाही

लातूरहून नांदेडला जाताना एसटीत मी एका अनोळखी माणसाच्या वारलेल्या भावाला आळशी म्हणालो. माझं लक्ष माझ्या डब्यात हवं होतं, ते शेजारी त्याच्या लॅपटॉपवर होतं.

"एकच प्रोग्राम दोन जागी ठेवलाय, काका," माझं डोकावणं पाहून त्यानंच सांगितलं. "एक कंपनीकडं, एक हिमायतनगरला दादाच्या कॉम्प्युटरवर. दोन्हीकडचे बदल रोज मागवतो."

बटण दाबण्याआधी तो बोट शर्टाला पुसायचा. कंपनीकडून ओळी भराभर आल्या. दादाकडून एकही नाही.

"दादा लई आळशी दिसतो," मी म्हणालो, आणि हसलोही मीच.

"दादा दिवाळीत गेला. येणार न्हाई, ठाऊक हाय. तरी मागवतो." तो पडद्याकडेच बघत होता. "वहिनी आज कॉम्प्युटर विकून राहिली. मग इथल्या यादीतलं त्याचं नाव बी काढावं लागंल."

त्यानं बोट पुसलं, दादाकडचे बदल पुन्हा मागवले. थांबला. मग लॅपटॉप मिटून नांदेडपर्यंत मांडीवर धरून बसला. मी डबा उघडलाच नाही.

भरलेला डबा पाहून बायकोनं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नाव राहू दे म्हणायचं होतं. त्याला जागा कितीशी लागते?"