कडू घास परत पाठवला

आमच्या गावामागच्या डोंगरातून पाण्यासाठी बोगदा खणत होते आणि माझे यजमान तिथे पंपावर कामाला होते. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास आतलं छत खचलं. पाच माणसं पलीकडे अडकली. चार झारखंडची पोरं आणि गावातले एकटे हे.

मी आणि सासूबाई धावत वर गेलो आणि तिथेच बसलो. बोगद्याच्या तोंडापासून पन्नास पावलांवर दोरी बांधली होती आणि दोरीच्या अलीकडे आम्ही. अलिबागहून साहेब यायचे, प्रयत्न सुरू आहेत म्हणायचे, जायचे. आमचं दोघींचं एरवी विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण दोन दिवस एका घोंगडीवर बसून काढले आणि भांडायचं सुचलं नाही, यावरून काय ते समजा.

गुरुवारी सकाळी एका साहेबाने चॅनेलवाल्यांना सांगितलं की कालपासून आतून कसलाही आवाज नाही. मी पन्नास पावलांवर बसलेली, मला कोणी सांगितलं नाही. गावाला मात्र मोबाइलवर कळलं. तासाभरात चुलत सासूबाई डबा घेऊन वर आल्या. डब्यात पिठलं-भात होता. दोन दिवस मी चहा-बिस्किटांवर होते. मी झाकण उघडून हात घातला, तोच सासूबाईंनी माझ्या मनगटावर फटका मारला.

"ठेव खाली. कडू घास हाय त्यो."

आमच्याकडे घरात मयत झाली की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात, तो कडू घास. चुलत सासूबाईंच्या मनात वाईट नव्हतं. दुःखाच्या घरी जाताना हेच न्यायचं, एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक.

"वयनी, तसं न्हाय गं..." त्या रडायलाच लागल्या.

"मंग कसं हाय? माझा पोरगा जिता हाय. ने परत." मग माझ्याकडे वळून, "तू घरी जा. तवा आन, पीठ आन, सुके बोंबील आन."

"बोंबील?"

"व्हय. सुतकात म्हावरं खातंय का कोन?"

मी उठले आणि उतारावरून पळत सुटले. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं काम उलट उत्तर न देता केलं.

दोरीला लागूनच आम्ही तीन दगड मांडले. सासूबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, मी निखाऱ्यावर बोंबील भाजत होते. वास पार साहेबांच्या तंबूत गेला. हवालदार आला.

"आजी, इथं आग पेटवायला परवानगी नाही."

"तुमच्या चहाच्या शेगडीला कोणी दिली?" मी विचारलं.

तो गेला आणि साहेबाला घेऊन आला. साहेब माझ्याहून तरुण होता. हात जोडून म्हणाला, "ताई, परिस्थिती समजून घ्या. मनाची तयारी ठेवा."

तळपायाची आग मस्तकात गेली. "आम्ही जेवायची तयारी केलीय," मी म्हटलं. "तुम्ही खणायची करा. आत पाच माणसं जिवंत आहेत आणि मशीन सकाळपासून बंद आहे." अर्ध्या तासाने मशीन सुरू झालं.

तोंडं पाडून आलेल्या गावच्या सगळ्या बायकांना सासूबाईंनी जेवायला बसवलं. पहिला बोंबील चुलत सासूबाईंच्या हातात दिला. "खा. तू पयली खा." त्यांनी डोळे पुसत खाल्ला. झारखंडच्या पोरांच्या आयांना इथवर यायला जमलं नव्हतं, म्हणून सासूबाई त्यांच्याही वाटणीच्या भाकऱ्या थापत राहिल्या.

खोटं कशाला बोलू, मला त्या घासाला चव लागली नाही. हे गेले असंच मला आतून वाटत होतं. तरी चावत राहिले. साहेबासमोर रडायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

शुक्रवारी दुपारी वीतभर रुंदीचा पाइप आरपार गेला. माणूस बाहेर निघेल एवढं भोक पाडायला अजून दीड दिवस लागेल, असं इंजिनियर म्हणाला. त्याने जनरेटर बंद करवला आणि पाइपाला कान लावला. आतून हिंदीत आवाज आला, हम सब ठीक हैं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोरी ओलांडली. कोणी अडवलं नाही.

"अहो!" मी पाइपात तोंड घालून हाक मारली.

"भाभी, भैया सो रहे हैं."

इंजिनियर हसला. मला हसू आलं नाही. तीन दिवस सगळे माझ्याशी गोड बोलत होते आणि गोड बोलून खरं लपवत होते. झोपलेत, असं तर बाप गेलेल्या लेकरांनाही सांगतात.

"उठाओ उनको," मी म्हटलं.

"भाभी, बहुत थके हैं..."

"अभी के अभी उठाओ!"

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. आत पाणी ठिबकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग कोणीतरी खोकलं. तो खोकला मी हजार माणसांत ओळखला असता.

"काय गं, कशाला ओरडतेस? सगळे ऐकतायत."

"ऐकू देत," मी म्हटलं. "तुम्ही बाहेर येईपर्यंत मी अशीच ओरडणार आहे."