मास्तरांची तारीख

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचे दुकान आहे. हे मास्तर शिकवत नाहीत, शिवतात. दुकान म्हणजे एकच खोली. तिच्यात दोन मशिनी, कापड बेतायचे लांब टेबल, एक जडशीळ इस्त्री, आणि समोर उभे राहील त्याला स्वतःच्या पोटाबद्दल खरे ते सांगून टाकणारा उभा आरसा. मास्तरांच्या गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि तोंडात टाचण्या. त्यामुळे निम्मे संभाषण ते हुंकारांवरच भागवतात.

हात मात्र सोन्याचा. उतरलेला खांदा, पुढे आलेले पोट, एक पाय किंचित आखूड, सगळे मास्तरांच्या कात्रीखाली झाकून जाते. त्यांची लेक फिजिओथेरपिस्ट आहे. बापलेकीत धंद्याची वाटणी सरळ आहे: वाकडे झालेले माणूस लेक सरळ करते, आणि तिच्याही हाताबाहेर गेलेले मास्तर कोटात घालतात.

फक्त तारखेचे तेवढे विचारू नये.

कपडा टाकला की मास्तर पावती फाडतात आणि वर ठळक तारीख घालतात. त्या तारखेला कपडे मिळतील असे ज्याला वाटते तो माणूस या भागात नवा समजावा. तो गेलाच, तर मास्तर तोंडातल्या टाचण्या काढतात (ही आदराची खूण) आणि म्हणतात, "झालंच आहे हो, फक्त बटणं राहिलीत." याचा अर्थ कापडाला अजून कात्री लागलेली नाही.

पण ही लबाडी नव्हे. माप घेऊन झाले की मास्तर खाली बघत हळूच विचारतात, "घालायचं कधी?" खरी तारीख ती. ती पावतीवर लिहीत नाहीत, डोक्यात ठेवतात. कुणाचे लग्न, कुणाची मुलाखत, कुणाचा निवृत्तीचा समारंभ, मास्तरांमुळे कुणी उघडा पडला असे आजवर झालेले नाही. पावतीवरची तारीख सांगायची, घालायची तारीख पाळायची. आम्हीही ते शिकलो होतो. पावतीच्या तारखेत चार दिवस मिळवायचे आणि मगच चप्पल पायात घालायची.

अशा माणसाच्या हातात क्रेडिट कार्ड आले.

दिले लेकीनेच. अस्तर, दोरे, चेन, बटणे यांची खरेदी पलीकडच्या रस्त्यावरच्या बटणवाल्याकडे व्हायची. तो मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. दर वेळी रोख मोजामोज. लेक म्हणाली, "बाबा, माझ्या कार्डावर तुमच्यासाठी आणखी एक कार्ड मिळतं. महिनाभर घ्या, महिन्यानं एकदम भरा."

"भरीन मी. लेकीच्या पैशानं दोरा घेणारा बाप नाही मी," मास्तर म्हणाले. "बिलाचा कागद दुकानावर येऊ दे. ते मेसेज का काय तेही माझ्याच फोनवर. तू यात पडायचं नाही."

ती पडली नाही. तिथेच चुकले.

बिल आले. त्यावर ठळक तारीख होती, महिन्याची पाच. मास्तरांनी ती पावतीवरच्या तारखेच्या नजरेने वाचली आणि नऊला बँकेत जाऊन सगळी रक्कम भरली. पैसा न पैसा चोख. बँकेतल्या माणसाने पैसे घेतले, कुरकुर केली नाही. मास्तरांना बँक समजूतदार वाटली. पुढच्या महिन्यातही नऊ. कधी दहा. भरणे मात्र पूर्ण.

बिल हळूहळू फुगायला लागले. मास्तर फक्त शेवटचा आकडा वाचत. मधला मजकूर वाचणे म्हणजे गिऱ्हाइकाने कोट उलटा करून आतले टाके मोजण्यासारखे, असे त्यांचे मत. पण एवढी चेन, एवढी बटणे आपण घेतली कुठे? एक दिवस ते बिल घेऊन बटणवाल्याच्या पायरीवर उभे राहिले.

"काय रे, चेनला सोन्याचे दात बसवलेस का?"

"का? काय झालं?"

"दर महिन्याला आकडा चढतोय. लेकाच्या, कार्ड आलं म्हणून भाव वाढवलास होय?"

बटणवाल्याने गल्ल्यावरचा चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला, मास्तरांना नीट पाहून घेतले आणि म्हणाला, "बटणं दुसरीकडून आणत जा." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मास्तर दुसरीकडून आणू लागले. ती बटणे इस्त्रीखाली पापडासारखी फुटायची. बिल चढतच राहिले, तेव्हा मास्तरांनी ठरवले की सगळे बटणवाले एकाच माळेचे मणी.

याच सुमारास लेकीला जागा मिळाली. तळमजल्यावर दोन खोल्या, दाराशी पायरी नाही, चाकाची खुर्ची सरळ आत जाईल अशी. दुसऱ्यांच्या दवाखान्यांत राबून तिने साठवलेले सगळे पैसे अनामत म्हणून दिले. यंत्रांसाठी कर्ज काढायचे होते. मास्तरांनी पांढरे कापड आणून तिच्या कोटाचे माप घेतले आणि सवयीने विचारले, "घालायचं कधी?"

"कर्ज झालं की लगेच, बाबा."

कर्ज झाले नाही.

कारण कळल्यावर लेक दुकानात आली आणि मास्तरांना म्हणाली, "चला माझ्याबरोबर." बँकेत कर्जाच्या टेबलाशी एक तरुण बाई होत्या. त्यांच्या जाकिटाची डावी बाही किंचित ओढत होती; मास्तरांनी ते पाहिले, पण प्रसंग ओळखून गप्प बसले.

"काका, तुम्ही काही बुडवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण दर महिन्याला उशीर झालाय. कार्ड ताईंचं आहे, तेव्हा तो उशीर त्यांच्या नावावर लागलाय."

"चार दिवस!"

"चारच दिवसांचं व्याज असतं तर गोष्ट वेगळी. तारखेला पूर्ण रक्कम आली नाही की व्याज खरेदीच्या दिवसापासून धरतात. वर उशिराचा दंड. आणि बाकी राहिलेली असताना नवीन काही घेतलंत, तर त्याच्यावरही पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे ज्या दिवशी बटण घेतलं त्या दिवसापासून?"

"त्या दिवसापासून."

मास्तरांनी बिल टेबलावर पसरून तारखेवर बोट ठेवले. "ही झाली सांगायची तारीख. बरोबर? मग घालायची कुठली?"

बाई गोंधळल्या. लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. ती हसते आहे की रडते आहे हे बाईंना कळले नसावे. मास्तरांना कळले.

"बाबा," ती म्हणाली, "हीच घालायची."

शेवटी असे ठरले की सहा महिने पूर्ण रक्कम तारखेच्या आत भरायची, मग कर्जाचा अर्ज पुन्हा बघू. उठताना बाई म्हणाल्या, "शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका काका, चारलाच भरून टाका." जागेचा मालक सहा महिने थांबायला कबूल झाला. त्यापुढे जागा दुसऱ्याला जाणार आणि अनामतही बुडणार.

परतताना लेक रस्ताभर चार पावले पुढेच चालत राहिली. ओरडली असती तर मास्तरांना बरे वाटले असते. दुकानात शिरल्याबरोबर त्यांनी पांढरे कापड बेतायला घेतले.

"आता बटणवाल्याचीही माफी मागून या," बायको म्हणाली.

"मागतो ना. परवा."

बायकोने त्यांच्याकडे असे पाहिले की सुईने दोरा आपणहून ओवून घेतला असता.

त्या दिवसापासून मास्तर बदलले. तारखेला पैसे हवेत तर तारखेला कपडे हवेत, हे त्यांच्या ध्यानात आले आणि पावतीवरच्या दिवशी कपडे खरोखर तयार होऊ लागले! पण हे कुणाला माहीत? ज्यांना मास्तरांनी आयुष्यभर चार दिवस थांबायला शिकवले, ती गिऱ्हाइके इमानाने चार दिवस थांबत होती. तयार कपडे खुंट्यांवरून टेबलावर आले, टेबलावरून आरशावर. मास्तर दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत, "पॅन्ट तयार आहे हो!" लोक हसून हात हलवत आणि पुढे जात. एकजण तर म्हणाला, "मास्तर, सकाळी सकाळी थट्टा?"

पाच महिने कसेबसे निभावले. जुनी शिल्लक मोडली, बायकोने डब्यातले दिले. सहाव्या महिन्यात शाळेचे गणवेश आले. गणवेशाच्या कापडाचे बिल मोठे. मास्तरांनी रात्रीचा दिवस केला आणि सगळे गणवेश तारखेला घड्या घालून मांडले. एकही पालक फिरकला नाही. शाळा उघडायला आठवडा होता. मास्तरांची तारीख म्हटल्यावर आत्ता कोण येतो?

चार तारीख उजाडली. मास्तरांनी गणवेशांचे गाठोडे उचलले आणि घरोघर निघाले. आमच्याकडेही आले. दारात मास्तर आणि हातात तयार कपडे पाहून आमच्या आईने आधी विचारले, "मास्तर, घरी सगळं ठीक आहे ना?" काहींनी पैसे दिले. पुष्कळ जण म्हणाले, "अहो, आम्ही चार दिवसांनी यायचा हिशेब धरलाय, पैसे आत्ता हातात नाहीत." यावर मास्तर कोणाला काय बोलणार? त्यांचीच शिवण होती ती.

दुपारी दुकानात बसून मोजले. कमी पडत होते.

"थोडंसं भरलं तरी चालतं म्हणे," बायको म्हणाली. "कागदावर कमीत कमी असा वेगळा आकडा दिलाय बघा."

"तेवढ्यानं दंड टळतो, व्याज चालूच राहतं. आणि बाई पूर्ण म्हणाल्यात. गिऱ्हाइकाला पॅन्टचा एकच पाय शिवून देऊ का, कमीत कमी म्हणून?"

"मग लेकीला विचारा."

"तिला नाही." मास्तर उठले. हँगरवरच्या पांढऱ्या कोटाकडे त्यांनी एकदा पाहिले. कोट केव्हाच शिवून झाला होता. या वेळी मात्र खरोखरच फक्त बटणे राहिली होती. इस्त्रीखाली फुटणारी बटणे लेकीच्या कोटाला लावायला त्यांचा हात होत नव्हता.

बटणवाला पायरीवरच बसला होता.

"ये. चेनचे दात मोजायला आलास?"

"माफी मागायला आलो."

"आज? इतक्या महिन्यांनी?"

मास्तरांनी घसा खाकरला. "झालीच होती रे. फक्त बटणं राहिली होती."

बटणवाल्याने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते चष्म्याच्या वरून निसटले. मग मास्तरांनी सगळे सांगितले: व्याज, दंड, लेकीची जागा, आजची चार तारीख, आणि किती कमी पडते ते. सांगताना ते पायरीच्या दगडाकडे बघत होते.

"खरेदीच्या दिवसापासून व्याज, काय?" बटणवाला म्हणाला. "मग तू मला चोर ठरवलंस त्या दिवसापासून मीही लावू का?"

"लाव."

"एक शर्ट. माझ्या पोटाला होईल असा. मापं घेताना काही बोलायचं नाही." त्याने गल्ला उघडला, नोटा मोजल्या आणि पुढे धरल्या. "परत कधी देशील?"

मास्तरांच्या तोंडात सवयीने 'परवा' आलेच होते. ते त्यांनी टाचणीसारखे दोन बोटांनी काढून बाजूला ठेवले.

"तुला लागणार कधी?" त्यांनी विचारले.

बँकेची खिडकी बंद व्हायच्या आत पैसे भरले गेले. बटणवाल्याचेही, त्याने सांगितलेल्या दिवशी, परत गेले. तो इतका हादरला की त्याने पुन्हा मोजून घेतले आणि मगच कोटाची बटणे काढून दिली.

कर्जाचे पत्र आले तेव्हा लेक धावतच दुकानात शिरली. "बाबा, झालं! सोमवारी उघडते. कोट होईल का हो तोपर्यंत?"

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. हँगर उतरवला आणि कोट तिच्या खांद्यांवर चढवला. ती आरशासमोर उभी राहिली, वरपासून खालपर्यंत एकेक बटण लावत गेली, आणि शेवटच्या बटणाशी थांबून तिने ते बोटांनी जरा ओढून पाहिले. टाका पक्का होता.